थोडासा लामेक

आम्ही लामेकला पुरलं. आमच्या बांग्वे वस्तीच्या कबरस्तानात, वरच्या अंगाला, जिथली झाडं कुणी तोडत नाही तिथे. माणसं बरीच आली होती, दोन चर्चचे गायक होते, पाद्र्याने फार ताणलं नाही, आणि पेटी खाली उतरताना आतून काहीतरी घसरल्याचा आवाज फक्त एकदाच आला. पेटीत लामेक नव्हता. माझा कम्प्युटर होता. तर असं झालं. आता हे झालंच नाही असं धरून मी पुढे सांगतो. कारण झालं असं धरलं तर पुढे सांगण्यासारखं काही उरतच नाही.

झालं नाही, म्हणूनच तर आज सकाळी मी लिंबेच्या बाजारात प्रेशसच्या दुकानात माऊस घ्यायला उभा होतो. प्रेशस जुने कम्प्युटर आणि मोबाइलची कव्हरं विकतो. आमचं मशीनही त्याच्याच दुकानातून आलेलं. त्याने काचेखालचे माऊस पुढे सरकवले आणि सवयीने विचारलं, "कुठल्या मशीनला हवाय?"

"आपल्याच."

"आपल्या म्हणजे?"

"तुझ्याकडून घेतलेलं तेच. डावं बटण अडकतं त्याचं."

प्रेशसने हातातला पेचकस खाली ठेवला. "बायसन," तो हळूच म्हणाला, "ते मशीन मी खांद्यावरून नेलंय, बाबा. पुढचा उजवा खांदा माझा होता. अजून दुखतोय."

"हो ना. म्हणून तर तुझ्याकडे आलो. तुला मॉडेल माहीत आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिलो. बाहेर एक मिनीबसवाला "बांग्वे, बांग्वे, एकच जागा" असं ओरडत होता. आत गाडी निम्मी रिकामी दिसत होती. मग प्रेशसने एक माऊस उचलून माझ्या हातात ठेवला. "काळाच घे," तो म्हणाला. "दुखवट्यात आहेस."

मिनीबसमध्ये मी माऊस मुठीत धरून बसलो. वायर बोटांतून खाली लोंबत होती. शेजारच्या बाईने त्या वायरच्या शेपटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपुलकीने विचारलं, "कुठे मिळाला रे? भाजून खायच्या उंदरांचा मोसम तर कधीच संपला." मी म्हणालो, लिंबेला. ती म्हणाली, लिंबेवाले काहीही विकतात. आणि तेवढ्यात ड्रायव्हरने रेडिओ लावला. कुठलंसं गाणं लागलं, आमचं नव्हतं, पण माझा अंगठा आपोआप डाव्या बटणावर गेला आणि त्याने ते दाबलं. बटण नवं होतं. ते अडकलं नाही. छान टक् आवाज आला. त्या आवाजापुढे काहीच झालं नाही. काहीच उघडलं नाही, काहीच बंद झालं नाही. मी पुन्हा दाबलं. बांग्वे येईपर्यंत मी दाबत होतो, आणि ती बाई जरा लांब सरकून बसली होती.

आमचा स्टुडिओ म्हणजे आईच्या घराची मागची खोली. त्याआधी तिथे मक्याची पोती आणि कोंबड्या असायच्या. लामेक माझा मोठा भाऊ; त्याने एक दिवस मशीन आणलं आणि कोंबड्यांना सांगितलं, "बायांनो, आता इथे संगीत होणार." कोंबड्या गेल्या, पण वास राहिला. अजून जुन्या गायकांपैकी कुणी कुठे कोंबडी बघितली की नकळत गळा साफ करतो. आमच्याकडे एकच गादी होती. दिवसा ती भिंतीला टेकून उभी राहायची, म्हणजे आवाज घुमू नये, आणि रात्री आडवी व्हायची, म्हणजे आम्ही घुमू नये. गादीला विश्रांती अशी नव्हतीच. गायकाला आम्ही आईच्या लाकडी कपाटात उभं करायचो, कारण लटकलेले कपडे आवाज पितात, असं लामेकला कुणीतरी सांगितलं होतं. बांग्वेतल्या सगळ्या प्रेमभंग झालेल्या पुरुषांनी कधी ना कधी माझ्या आईच्या झग्यांत तोंड खुपसून गायलेलं आहे. आईला ते आवडायचं. "माझे कपडे तुमच्यापेक्षा जास्त चर्चला गेलेत," ती म्हणायची. चर्चचा गायकवृंद आला की बाया आत उभ्या राहायच्या आणि पुरुष खिडकीबाहेर, अंगणात. त्यामुळे आमच्या प्रत्येक भक्तिगीतात खालच्या सुरात कुठेतरी एक कोंबडा आहे. पाद्री म्हणाले, बायबलातही आहे. विषय संपला.

पण आमच्या स्टुडिओचा खरा इतिहास लिहायचा तर वस्तीत कोण कधी मेलं तो लिहावा लागेल. आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की माती होईपर्यंत आजूबाजूला संगीत वाजत नाही. वाजवलं तर मुखिया येतो, आणि मुखिया येण्याआधी बाया येतात, आणि ते जास्त वाईट. त्यामुळे आम्ही गाणं बनवायचो ते एका मरणापासून दुसऱ्या मरणापर्यंत. कुठूनतरी पहिला हंबरडा उठला की लामेकचा हात बटणावर जायचा, मग कपाटातला माणूस कुठल्याही शब्दावर असो. एकाने 'मी तुझ्याशिवाय' इथपर्यंत गायलं होतं, आणि पुढचं गायला तो आला तोवर त्याचं लग्न झालं होतं. मातीच्या दिवसांत आम्ही फक्त हेडफोनवर काम करायचो. खोलीत चारजण बसलेले, सगळे गप्प, सगळ्यांच्या माना एका ठेक्यात हलतायत. एकदा मुखिया तपासायला म्हणून आत आला, आम्हाला असं बघितलं, त्याला वाटलं प्रार्थना चाललीय, आणि टोपी काढून तोही बसला आणि मान हलवू लागला. बराच वेळ. ठेका त्याचा आमच्याहून बरा होता.

लामेकने स्वतःचं गाणं फक्त एकच केलं. म्हणजे अर्धं. पहिलं कडवं त्याने सकाळी सकाळी गायलं, एका दमात, कपाटाचं दार किलकिलं ठेवून. मी मशीनवर होतो. मधलं संगीत सरलं, दुसऱ्या कडव्यासाठी त्याने श्वास घेतला, आणि त्याच क्षणाला शेजारून एनेलेसी मावशीचा हंबरडा आला. तिचा नवरा गेला होता. माझा हात बटणावर गेला, पण सवयीपेक्षा थोडा उशिरा. लामेक कपाटातून बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत आईच्या स्वेटरचा निळा धागा होता. "माती झाली की करू," तो म्हणाला. पण मातीला उशीर झाला, मावशीचा दीर लांबून यायचा होता, आणि लामेकची जोनीला, म्हणजे जोहान्सबर्गला जाणारी बस त्याआधीच होती. इकडचे सगळेच जातात तसा तो गेला. खिडकीतून तो मला म्हणाला, "परत आलो की दुसरं कडवं. तोवर पुसू नकोस हं, गाढवा." मी म्हणालो, पुसत नाही. आणि नाही पुसलं.

पुढची वर्षं मी ते ऐकलं. रोज असं नाही; ज्या दिवशी वीज असेल त्या दिवशी. पहिलं कडवं संपतं, संगीत येतं, संगीत जातं, मग तो श्वास. नाकातून नाही, तोंडातून, आत ओढलेला, भरलेला, वर टांगलेला. तो सोडलेला नाही. तिथून पुढे एनेलेसी मावशी आहे आणि मग शांतता, पण मी त्या श्वासावर थांबवायचो. मशीनला थांबवता येतं. माणूस श्वास घेतो तो सोडण्यासाठी. घेतलेला आहे आणि सोडलेला नाही, म्हणजे तो अजून मधे आहे. आता गाणार आहे. फोन यायचे बंद झाले, तेव्हाही तो आता गाणार होता. नंबर अस्तित्वात नाही असं एक बाई फोनवर फार गोड आवाजात सांगायला लागली, तेव्हाही. मग जोनीहून परतलेला एक माणूस आईला भेटून गेला. त्याने तिला सांगितलं की लामेक आणि आणखी काहीजण सोन्यासाठी एका बंद पडलेल्या खाणीत उतरले होते, आणि तो स्वतः वरच थांबला होता कारण त्याला सर्दी झाली होती. वर कोण आलं ते त्याने बघितलं नाही. सर्दी वाढली म्हणून तो निघून गेला. एवढंच. आईने त्याला मंदासीचे गोड वडे तळून दिले. तो खाऊन गेला. मी मागच्या खोलीत जाऊन श्वास ऐकला.

आईला मात्र थांबवता यायचं नाही. जोनीची बस यायच्या दिवशी ती नाक्यावर जायची आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला असं बघायची की लोक आपली चूक असल्यासारखे बाजूला व्हायचे. झोप गेली. जेवायला बसली की न्सिमाचा, मक्याच्या उकडीचा, पहिला घास हातात धरून दाराकडे कान. आणि वस्तीतल्या प्रत्येक मयताला ती जायची, पीठ घेऊन जायची, सगळ्यांत मोठ्याने रडायची. तिकडे बाया एकमेकींची दुःखं मोजतात, माझा धाकटा, तुझा नवरा, हिची सून, आणि आईची पाळी आली की सगळ्या चुलीकडे बघतात. तिला कुठल्या रांगेत बसवायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. एक दिवस ती मला म्हणाली, "साऱ्या बांग्वेच्या घरी रडून आले रे मी. माझ्या घरी रडायला कुणी येत नाही." मी म्हणालो, "आई, आपल्याकडे कुणी मेलंय का?" ती म्हणाली, "तेच तर."

तिने मामाला बोलावलं. आमच्याकडे घरातलं काहीही ठरवायचं असलं की आईचा भाऊ ठरवतो. बापाला विचारायची पद्धत नाही, आणि आमच्या बापाला तर विचारायला तो सापडतही नाही. हँडिसन मामा आला, अंगणात बसला, उसिपाचे मासे आणि न्सिमा खाल्ला, हात धुतले, आणि म्हणाला, "ताई, मातीशिवाय हे सुटायचं नाही. पण मातीला काहीतरी पाहिजे. रिकामी पेटी पुरली तर ती पुढच्याला बोलावते." मग माझ्याकडे वळून, "काय रे बायसन, काही उरलंय का त्याचं? केस, नख, काही?"

आता मी जे म्हणालो ते भांडायला म्हणालो. मला त्यांना सांगायचं होतं की हा मूर्खपणा थांबवा, तो मेलेला नाही. मी म्हणालो, "नखं कसली विचारताय मामा? अख्खा लामेक घरात आहे."

"कुठे?"

मी त्याला मागच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, हेडफोन त्याच्या डोक्यावर घातला. मामाचं डोकं मोठं आहे, हेडफोन करकरला. मी गाणं लावलं. त्याने डोळे मिटले. पहिलं कडवं संपलं, संगीत सरलं. श्वास आला. मी थांबवायला पुढे झालो, पण मामाने माझा हात धरला, घट्ट, आणि पुढचंही ऐकलं. मग त्याने दोन्ही हातांनी हेडफोन काढला, मयताच्या दारात टोपी काढतात तसा.

"हा तर इथेच आहे," तो म्हणाला.

"तेच तर मी सांगतोय!"

"आणि बाया रडायलाही लागल्यात."

"ती एनेलेसी मावशी आहे, मामा. ते वेगळं..."

"मग बायसन, लेका," मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ झाला की मला भीती वाटली, "आपण इतकी वर्षं कुणाची वाट बघतोय?"

त्यानंतर मी जे जे बोललो ते सगळं त्यांच्या बाजूने पडलं. मी म्हणालो, हे यंत्र आहे. मामा म्हणाला, शरीर तरी काय असतं? मी म्हणालो, यात इतरांचीही गाणी आहेत, दोन चर्चची, लग्नाळू पोरांची, शाळेची. तो म्हणाला, मोठ्या माणसाबरोबर चार माणसं जायचीच. मी म्हणालो, मग निदान याची नक्कल माझ्याकडे राहू द्या, आणि खिशातून पेनड्राइव्ह काढून दाखवला. ते मी दाखवायला नको होतं, पण मला वाटलं पुराव्याने माणसं ऐकतात. मामाने तो बोटभर तुकडा तळहातावर घेतला.

"यातपण तो आहे?"

"थोडासा."

"आणि थोडासा मागे ठेवायचा?" मामा माझ्याकडे असं बघायला लागला जसं मी भावाचा अंगठा कापून ठेवला होता. "अरे, अर्धवट पुरलेला माणूस घराभोवती फिरतो. आईला झोपू द्यायचंय की नाही तुला?"

मी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "वायर काढशील तेव्हा हळू काढ."

आंघोळ घालायला वस्तीतले वडीलधारे आले, बादली घेऊन. मी ओरडलो, पाणी लावू नका. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग कोरड्या फडक्याने पुसलं, प्रत्येक फट, प्रत्येक बटण, आणि एकजण म्हणाला, किती धूळ खाल्ली बिचाऱ्याने परदेशात. सुताराने लांबी विचारली. मी हाताने दाखवली, एवढी. मामा भडकला. "तरण्याताठ्या माणसाला पोराच्या पेटीत घालू?" म्हणून पेटी पूर्ण मापाची झाली, आणि मशीन त्यात हिंडू लागलं, तेव्हा भिंतीवरची गादी काढून, फाडून, चारी बाजूंनी दाबून भरली. लामेकचा कोट वर घातला, आणि त्याच्या खिशात मामाने तो पेनड्राइव्ह ठेवला. मग अंत्यदर्शन. पेटीच्या झाकणाला तोंडापुरती खिडकी होती. माणसं रांगेने आली, वाकली, बघितलं, आणि पुढे गेली. कुणी हसलं नाही. मी हसण्याची वाट बघत कोपऱ्यात उभा होतो. एकजण जरी हसला असता तरी मी पेटीवर आडवा पडणार होतो. एनेलेसी मावशी वाकली, बराच वेळ बघत राहिली, आणि रुमालाने डोळे टिपत म्हणाली, "किती रोडावलाय!"

गायकवृंदातली मोठी बाई माझ्यापाशी आली. "बायसन, आमची नवी गाणी रविवारी मिळणार होती ना?" मी बोटाने पेटी दाखवली. तिने पेटीकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे आम्हीपण?" मी मान हलवली. तिने जाऊन बाकीच्यांना सांगितलं, आणि त्या दिवशी त्या बायांनी जे गायलं तसं माझ्या खोलीत कधी गायल्या नव्हत्या. स्वतःच्याच मयताला गातात तसं. माझ्याकडे ते टिपून घ्यायला काही नव्हतं.

हे काही झालेलं नाही, असं मी धरून चाललो होतो. मिनीबसमधून उतरून घरी आलो तर आई अंगणात मका निवडत होती. ती जाड दिसते आता. चार घास जेवते. दुपारी भिंतीला टेकून घोरते. घोरण्यावर कुणी हसलं तर लाजते. बाया येतात, तिच्याशेजारी बसतात आणि आपापल्या दुःखांची मोजणी करतात, आणि तिची पाळी आली की ती म्हणते, "माझा मोठा." बस. सगळ्या माना हलवतात. रांगेत जागा मिळाली तिला. ती बरी झालीय, आणि या सगळ्यातली खरी अडचण तीच आहे. नाहीतर मी कुणावर तरी रागावलो असतो.

"हातात काय ते?" तिने विचारलं.

"माऊस."

"कशाला?"

मी वायर बोटाला गुंडाळली. तिने सुपातले खडे वेचून फेकले. "झालं ना आता, बाळा," ती म्हणाली. इतक्या सहज, जसं कुणी म्हणतं पाऊस थांबला. "मागच्या खोलीत कोंबड्या परत ठेवू म्हणते. रिकामी बरी नाही दिसत."

मी आत गेलो. भिंतीवर गादीच्या आकाराचा फिका चौकोन होता. टेबलावर धुळीत एक स्वच्छ जागा होती. मी माऊस त्या जागेशेजारी ठेवला, वायर पाठीमागे सरळ नेली, जिथे ती नेहमी जायची. कपाटाचं दार उघडून आत उभा राहिलो, झग्यांमध्ये. मला श्वास आठवून बघायचा होता. पहिलं कडवं आठवलं, संगीत आठवलं, आणि मग जो आला तो माझा श्वास होता. माझाच, चोंदलेल्या नाकाचा. मी तो सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा माझाच. इतक्या वेळा ऐकलेला आवाज डोक्यात नसतो हे मला माहीत नव्हतं. तो नेहमी मशीनमध्ये होता. मी फक्त तिथे जाऊन यायचो.

उकरायचं म्हटलं तर आमच्याकडे कबर उकरतात ते चेटके, आणि चेटक्याच्या आईशेजारी मयताला कुणी बसत नाही. म्हणजे तिची रांगेतली जागा गेली. ते मला करायचं नाही. लामेक खाली आहे आणि तिथेच राहील. आई वर आहे आणि झोपते. दोघांच्या मधे जेवढं करता येण्यासारखं आहे तेवढंच मी मागतोय. म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत बसून, खाडाखोड न करता, वीज कार्यालयासाठी हे लिहिलं.

मा. विभागीय अधिकारी यांस, सविनय अर्ज करण्यात येतो की, बांग्वे येथील सार्वजनिक कबरस्तानात वरच्या अंगास अर्जदाराचे ज्येष्ठ बंधू वास्तव्यास असून सदर ठिकाणी अद्याप वीजजोडणी नाही. तरी तेथे एक साधी जोडणी मंजूर व्हावी. वापर धंद्यासाठी नसून निव्वळ घरगुती आहे. राहणारी व्यक्ती एकच असून दिवा, चूल, इस्त्री यांपैकी काहीही वापरत नाही. पुरवठा वारंवार खंडित झाल्यास अर्जदाराची अथवा राहणाऱ्याची हरकत राहणार नाही. मात्र पुरवठा सुरू असताना एका गाण्याइतका वेळ तो मध्ये तुटू नये, एवढी दक्षता घ्यावी. जागेची पाहणी करण्यास येणाऱ्या कर्मचाऱ्याने दार वाजवण्याची आवश्यकता नाही. खोली सहा फूट आहे. त्या मापाची वायर त्याच्यासोबत पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती.